किल्टवर होज किती उंच घालावेत? गुडघ्याखालच्या तीन बोटांचा हिशेब

पहिल्यांदा किल्ट, म्हणजे स्कॉटलंडचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार पोशाख, घालणाऱ्याचं सगळं लक्ष प्लीट्स (चुण्या), स्पोरन (कमरेला पुढे लटकणारी पिशवी) आणि जॅकेटवर असतं. मोजे शेवटच्या पाच मिनिटांत, एका पायावर उभं राहून, घाईघाईने चढवले जातात. मग फोटोत एक मोजा गुडघ्याला टेकलेला आणि दुसरा पोटरीवर उतरलेला दिसतो. किल्टच्या या जाड, लोकरी, गुडघ्याखालपर्यंतच्या मोज्यांना होज म्हणतात. ते नीट बसले नाहीत, तर वरचा महागडा पोशाखही भाड्याने आणल्यासारखा दिसतो.

उत्तर आधी सांगते. होजचा वरचा भाग बाहेर उलटवून दुमडल्यावर जी सर्वांत वरची कड तयार होते, ती गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकापासून तीन बोटं खाली असावी, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर. पाय आखूड असतील तर दोन बोटं चालतील, चांगलेच लांब असतील तर चार. गुडघ्याची वाटी पूर्ण उघडी दिसली पाहिजे, तिच्याखालची थोडी नडगीही.

मात्र एवढं पाठ करून भागत नाही, कारण होज नुसते ओढून त्या जागी थांबत नाहीत. त्यांना गार्टर, म्हणजे पोटरीवर बांधायचा पट्टा, थांबवतो, आणि गार्टर पायावर एकाच अरुंद पट्टीत टिकतो. ती पट्टी सापडली की होजची उंची, दुमडीची रुंदी, फ्लॅशच्या कापडी पट्ट्या आणि स्कीयन डू ही छोटी सुरी, हे सगळं तिच्यावरून ठरत जातं. म्हणून खालचा क्रम गार्टरभोवती रचला आहे.

एडिनबरा, ग्लासगो, डंडीला शिकणाऱ्या मराठी मुलामुलींवर ही वेळ येतेच. कधी पदवीदान असतं, कधी स्कॉटिश मित्राचं लग्न, कधी कवी रॉबर्ट बर्न्सच्या आठवणीत २५ जानेवारीला होणारं बर्न्स सपर, तर कधी ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे. यजमान आनंदाने किल्ट घालायला सांगतात. तो घालण्यात परक्याने संकोच करण्यासारखं काही नाही, फक्त नीट घालावा.

जवळ काय हवं

- होजची एक जोडी, तुमच्या बुटाच्या नंबरची. होजवर ६–८, ९–११ असे यूकेचे नंबर असतात. भारतातही बुटांना बहुतेक तेच नंबर चालतात. बुटावर अमेरिकन नंबर असेल तर आधी यूकेचा शोधून घ्या.
- फ्लॅश लावलेले दोन गार्टर. फ्लॅश म्हणजे दुमडीखालून डोकावणाऱ्या कापडी पट्ट्या, प्रत्येक पायाला दोन.
- शिवणकामाची टेप, टेकून बसायला खुर्ची आणि पाय दिसतील असा उभा आरसा.
- स्कीयन डू घालणार असाल तर म्यानासकट.
- पोशाख भाड्याचा असेल तर बुकिंगची पावती, ओळखपत्र आणि अनामत रकमेसाठी कार्ड. परत करायची तारीख पावतीवर पाहून ठेवा.

भाड्याच्या दुकानात कमर, नितंब, छाती, उंची, किल्टची लांबी आणि बुटाचा नंबर विचारतात. पोटरीचा घेर बहुतेक ठिकाणी विचारत नाहीत, तो तुम्हीच सांगा. उभं राहून पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती टेप गुंडाळून मोजा. सायकल चालवणाऱ्यांच्या किंवा फुटबॉल खेळणाऱ्यांच्या पोटऱ्या भरदार असतात, आणि नेहमीच्या घेराचे होज तिथेच अडतात.

## १. आधी किल्ट जागेवर आणा

होजच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ कमरेत असतं. आपल्याला पँट खाली, नितंबांच्या हाडावर घालायची सवय आहे. किल्ट बेंबीच्या पातळीवर बसतो. तो पँटसारखा खाली बांधला की खालची कडही तेवढीच उतरते, गुडघा झाकला जातो, आणि मग उघडा पाय दिसावा म्हणून माणूस होज खाली ढकलतो. धोतर नेसताना कमरेला चुकलं की खालचा काठ सांभाळता सांभाळता दिवस जातो, तसंच हे.

किल्टची खालची कड वाटीच्या वरच्या टोकापासून मध्यापर्यंत कुठेही असू शकते, मध्याच्या खाली जाऊ नये. तपासायला दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून ताठ व्हा. कड जमिनीपासून साधारण इंचभर वर राहिली पाहिजे. जमिनीवर लोळत असेल तर कमरपट्टे सोडून किल्ट वर घ्या. वर घेऊनही लोळत असेल तर किल्टच लांब आहे. तो दुकानातून बदलून आणा. लांब किल्टचा दोष होज वरखाली करून झाकता येत नाही.

## २. पायावर तीन खुणा शोधा

अनवाणी, पाय थोडा वाकवून खुर्चीवर बसा आणि बोटांनी चाचपा.

पहिली खूण म्हणजे वाटीचं खालचं टोक. ते सहज लागतं. त्याच्या खाली एक जाड, पट्ट्यासारखा स्नायुबंध लागेल आणि त्याच्या खाली नडगीचा उंचवटा. मोजायला सुरुवात वाटीच्या टोकापासून करा, त्या उंचवट्यापासून नाही. ही चूक फार होते आणि होज दोन बोटं जास्त खाली जातात.

दुसरी खूण पायाच्या बाहेरच्या अंगाला आहे. गुडघ्याच्या किंचित खाली सुपारीएवढं टणक हाड लागेल. ते नडगीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं. त्याच्या अगदी खालून, त्या हाडाच्या मानेला वळसा घालून, पेरोनियल नावाचा मज्जातंतू पुढे जातो, कातडीच्या अगदी जवळून. तिथे घट्ट पट्टा तासन् तास दाबून राहिला तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कधी पाऊल उचलायला जड जातं. म्हणून गार्टरने या हाडाला भिडू नये. एक-दोन बोटं अंतर सोडून खाली बसवा.

तिसरी खूण पोटरीचा फुगवटा. गुडघ्याकडून हात खाली घसरवत न्या. पाय आधी थोडा बारीक होतो, मग पोटरी फुगायला लागते. त्या बारीक जागेवर बोट ठेवा. बाहेरच्या हाडाच्या खाली आणि फुगवट्याच्या वर ही अंगठ्याएवढ्या रुंदीची पट्टी आहे, आणि गार्टरची जागा तीच. खालून पोटरी त्याला घसरू देत नाही. फुगवट्यावर बांधलेला गार्टर मात्र कितीही आवळा, चालताना स्नायू हलला की उतारावरून निसटतो.

हवं तर त्या पट्टीवर पेनने बारीक खूण करा आणि जमिनीपासून तिची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. दोन्ही पायांचं मोजून घ्या. एखाद्या सेंटिमीटरचा फरक निघणं नेहमीचं आहे.

## ३. दुमड पूर्ण उघडून होज चढवा

दुकानातून होज बहुतेक वेळा दुमडलेलेच येतात, आणि लोक ते तसेच साध्या मोज्यासारखे ओढतात. त्यामुळे दुमडीतल्या गार्टरला जागाच उरत नाही.

दुमड उलगडा. वरचा तीन-चार इंचांचा भाग आता उलट्या बाजूने दिसेल. विणीतली नक्षी, वेण्या किंवा मक्याच्या लाह्यांसारखे गोळे आत गेलेले असतील. हे बरोबर आहे. तो भाग मुद्दाम उलटा विणलेला असतो, म्हणजे दुमडल्यावर नक्षी बाहेर येते.

आता होज टाचेपर्यंत गोळा करून पाऊल घाला आणि टाचेची पिशवी टाचेवरच बसवा. पिशवी घोट्याच्या मागे चढली तर होज पावलाला लहान आहे. टाचेखाली सैल सुरकुती राहिली तर मोठा आहे. दोन्हींत पुढची सगळी मापं बिघडतात, कारण वरची लांबी टाचेपासून मोजली जाते.

मग दोन्ही हातांनी, थोडं थोडं, चहूबाजूंनी सारखं वर ओढा. एकाच बाजूने जोरात ओढलं की होज पायाभोवती पीळ घेतो. पीळ ओळखायला विणीतल्या उभ्या रेषा पाहा. त्या घोट्यापासून वर ओळंब्यासारख्या सरळ गेल्या पाहिजेत. मळसूत्रासारख्या फिरत असतील तर पुन्हा खाली घ्या आणि नव्याने ओढा. पीळ राहू दिला तर तासाभरात लोकर स्वतःच सुटायला बघते आणि होज फिरत फिरत खाली येतो.

उलगडलेला होज आता बहुधा गुडघ्यापर्यंत किंवा त्याच्यावर येईल. येऊ द्या.

## ४. गार्टर बांधा

गार्टर होजच्या वरून, खुणेच्या पट्टीवर. खुणेची जागा लोकरीखाली झाकली गेली असेल तर जमिनीपासून लिहून ठेवलेली उंची टेपने परत मोजा.

किती घट्ट? बांधल्यावर गार्टरखाली एक बोट अडखळत का होईना गेलं पाहिजे. दोन बोटं सहज गेली तर सैल आहे. बोट जातच नसेल तर फार आवळलं. उभं राहून, पोटरी ताठ करून पुन्हा तपासा, कारण टाचा उचलल्यावर पोटरी फुगते आणि बसून ठीक वाटलेला गार्टर करकचतो.

हल्लीच्या गार्टरला इलॅस्टिक आणि वेल्क्रो किंवा छोटी हुक असते. वेल्क्रोची मोकळी कडा लोकरीला लागू देऊ नका, तंतू उपटले जातात आणि एका संध्याकाळीत नवे होज फुसफुशीत होतात. जुन्या पद्धतीत लांब विणलेली लोकरी पट्टी पायाभोवती गुंडाळून बाहेरच्या बाजूला टायसारखी गाठ मारत. ती सुंदर दिसते आणि पाय फुगला-ओसरला तरी त्याच्याशी जुळवून घेते. पण ती गाठ शिकायला सरावाचे दोन दिवस लागतात. लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा मारून पाहू नका.

गार्टर हा या पोशाखातला जुना आणि खरोखर गरजेचा भाग आहे. अठराव्या शतकापर्यंतचे होज अनेकदा विणलेले नसत. टार्टनचं, म्हणजे रंगीत चौकड्यांचं, कापड तिरकं कापून शिवत. तिरक्या कापाने थोडा ताण मिळे, पण विणीसारखी पकड नसे. गार्टर नसता तर ते घोट्यावर गोळा झाले असते.

## ५. दुमड घाला आणि उंची निश्चित करा

उंचीचा खरा निर्णय या पायरीवर होतो, म्हणून इथे वेळ द्या.

होजचा वरचा भाग धरून बाहेर, खाली उलटवा, असा की गार्टर पूर्ण झाकला जाईल. दुमडीचा वरचा घडीचा काठ गार्टरच्या एक बोट वर यावा. गार्टर अरुंद पट्टीत आणि त्याच्या एक बोट वर घडी, असं झालं की बहुतेक पायांवर ती घडी वाटीच्या टोकाच्या तीन बोटं खाली आपोआप येते. आता टेपने खात्री करा. उदाहरण म्हणून, वाटीचं खालचं टोक जमिनीपासून ४५ सेंमीवर असेल तर घडी ४० सेंमीच्या आसपास हवी.

घडी गार्टरला अगदी चिकटून घातली तर चालताना इलॅस्टिक वर डोकावतं. दोन-तीन बोटं वर ठेवली तर तेवढी लोकर आधाराविना उभी राहते आणि अर्ध्या तासात लहरी घेत कोसळते.

दुमडीची खालची कड कुठे संपते तेही पाहा. तीन ते साडेतीन इंचांची दुमड पोटरीच्या सर्वांत जाड भागाच्या आसपास किंवा जरा वर थांबते. जाड भागाच्या बरीच खाली गेली तर पाय आखूड आणि ओंडक्यासारखा दिसतो. अनेक होजवर घडीची जागा विणीतच दाखवलेली असते, एक आडवी रेष किंवा वीण बदललेली ओळ. ती रेष सोडून खाली घडी घातली तर दुमडीत पायाच्या विणीची उलटी बाजू दिसायला लागते.

दोन्ही पायांच्या घड्या आरशात समोरून एका ओळीत हव्यात. जमिनीपासून मोजलेल्या उंचीपेक्षा इथे डोळ्यावर विश्वास ठेवा. पायांच्या लांबीत फरक असेल तर प्रत्येक पायाचं अंतर त्याच्या स्वतःच्या वाटीपासून घ्या.

लोकर अंगाच्या उबेने थोडी सैलावते. म्हणून घराबाहेर पडताना घडी अर्धा बोट वर असलेली बरी. पाऊण तासाने ती आपल्या जागी येते.

## ६. फ्लॅश

फ्लॅश पायाच्या बाहेरच्या बाजूला, किंचित पुढे. खाली वाकून पायांकडे पाहिलंत तर डावा घड्याळाच्या दहावर आणि उजवा दोनवर दिसावा. आतल्या बाजूला कधीच नाही. चालताना एकमेकांत घासतात.

दुमडीखाली फ्लॅशची दीड ते अडीच इंच टोकं दिसावीत. अजिबात दिसत नसतील तर दुमड जास्त खोल झाली आहे, किंवा गार्टर वर सरकला आहे. लांबलचक लोंबत असतील तर दुमड तोकडी आहे. थोडक्यात, फ्लॅश म्हणजे उंची मोजणारा काटाच. संध्याकाळभर गुडघ्याकडे बघत बसण्यापेक्षा अधूनमधून फ्लॅशकडे नजर टाका. दोन्हीकडे सारखे दिसत असतील तर होज जागेवर आहेत.

रंग किल्टच्या टार्टनमधला एखादा घ्या. मळखाऊ हिरवा, गडद निळा किंवा लाल नेहमी चालतात.

## ७. स्कीयन डू

ही होजमध्ये खोचायची छोटी सुरी. गेलिकमध्ये डू म्हणजे काळा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी उजव्या पायात, डावखुऱ्यांनी डाव्या पायात. म्यान होजच्या आत, पायाला लागून जातं आणि बाहेरचा गार्टर त्याला दाबून धरतो. जागा बाहेरच्या अंगाला, फ्लॅशच्या शेजारी. फ्लॅशवर चढवू नका. घडीच्या वर फक्त मूठ दिसावी. म्यान दिसत असेल तर सुरी खाली ढकला.

होज फार उंच घातल्याचा त्रास इथे सर्वांत लवकर कळतो. मूठ घडीच्या वर आलेली असते. घडी वाटीला टेकलेली असेल तर मूठ गुडघ्याच्या बाजूला जाते आणि बसल्यावर हाडात रुतते. तीन बोटांचं अंतर ठेवलं की मूठ गुडघ्याच्या वळणाच्या खाली राहते.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगायला कायद्याने मुभा आहे. विमानात मात्र ती हातातल्या बॅगेत नेता येत नाही, सामानात टाका. अनेक शाळा आणि सभागृहं खरं पातं आत येऊ देत नाहीत. भाड्याच्या पोशाखात बऱ्याचदा पातं नसलेली, मूठ आणि म्यान एकसंध असलेली प्लॅस्टिकची मिळते, आणि नवशिक्याला तीच सोयीची. केली या स्कॉटिश समूहनाचाला उभं राहण्याआधी खरी सुरी काढून ठेवा. त्यातल्या स्ट्रिप द विलो नावाच्या नाचात जोडीदार वेगाने फिरवला जातो, तेव्हा पायातली मूठ कुणाच्या कपड्यात अडकायला वेळ लागत नाही.

## ८. बूट

गिली ब्रोग हे पारंपरिक बूट घालणार असाल तर त्यांच्या लांब नाड्या पुढे काही वेळा पिळून, घोट्यामागून फिरवून पुढे किंवा बाजूला बांधतात. घोट्याच्या हाडावर दोन-तीन इंच पुरे. नाड्या पोटरीपर्यंत गुंडाळल्या तर त्या होजला खाली ओढतात आणि विणीत चरे पाडतात. साधे काळे बूट घातलेत तर हा प्रश्नच नाही.

## ९. बसा, चाला, मग बाहेर पडा

खुर्चीवर बसून गुडघे काटकोनात वाकवा. मागच्या बाजूला, गुडघ्याच्या घडीत होजची लोकर शिरता कामा नये. शिरत असेल तर घडी मागे जास्त उंच आहे. पुढून मोजमाप बरोबर असूनही मागे चढलेली असू शकते, कारण ओढताना हात मागेच जास्त जोर लावतात. घडी पायाभोवती सपाट, जमिनीला समांतर हवी.

मग जिन्याच्या दहा-पंधरा पायऱ्या चढा-उतरा. उतरताना पोटरी ताणली जाते आणि सैल गार्टर लगेच उघडा पडतो.

## काय बिघडलं आणि का

अर्ध्या तासात दोन्ही होज घसरले. गार्टर फुगवट्यावर आहे. आणखी आवळू नका. उलगडून वर, अरुंद पट्टीत घ्या.

एकच घसरतो. स्कीयन डूचा पाय असेल तर म्यान गार्टरच्या बाहेर राहिलंय का पाहा. नसेल तर त्या होजला पीळ आहे.

पाऊल बधिर होतंय. गार्टर बाहेरच्या हाडाशी गेला आहे किंवा फार घट्ट आहे. ताबडतोब सोडा. समारंभ संपेपर्यंत थांबू नका.

समोरून फुटबॉलपटूसारखं दिसतंय. घडी वाटीला टेकली आहे. होज वरच ठेवून दुमड मोठी करून भागत नाही, गार्टरच खाली घ्यावा लागतो.

घडीचा काठ जाड वळकटीसारखा दिसतोय. होज लांब आहेत आणि जादा लोकर दुमडीत कोंबली गेली आहे.

या शेवटच्या तक्रारीसाठी आखूड पायांना एक उपाय आहे. होज उलगडलेला असताना सर्वांत वरची कड आधी दोन बोटं आतल्या बाजूला मुडपा आणि मग नेहमीसारखी दुमड घाला. जादा लांबी आत लपते. पातळ मेरिनो लोकरीत हे छान जमतं. जाड वेण्यांच्या विणीत जमत नाही, तिथे आखूड मापाचेच होज शोधा. लांब पायांचं उलटं. त्यांना दुमडीसाठी लोकर उरत नाही, गार्टर जेमतेम झाकला जातो. अशांनी लांब मापाचे होज मागावेत. घडी खाली आणून दुमड वाढवण्याचा मोह टाळावा, त्यात गार्टरची जागा सुटते. बारीक पोटरीला गार्टर घसरायला फुगवटाच नसतो, तरी खाली धरायलाही काही नसतं. तिथे आतून पातळ सुती मोजा घातला की लोकरीला पकड मिळते, खाजही कमी होते.

पाइप बँडमध्ये वाजवणाऱ्यांचे होज अनेकदा पावलाविना असतात, त्यांना होज टॉप म्हणतात. त्याखाली साधा मोजा आणि बुटावर पांढरे स्पॅट, म्हणजे बूट आणि घोटा झाकणारी कापडी आवरणं. उंचीचा नियम तोच, आणि बँडमध्ये ती सगळ्यांची सारखी असावी लागते. पाइप मेजर, म्हणजे बँडचा प्रमुख, सांगेल ते अंतर या लेखातल्या बोटांपेक्षा वरचढ समजा.

डोंगर चढताना जाड बुटांबरोबर होज घोट्यापर्यंत मुद्दाम गोळा करून घालणारे स्कॉटलंडमध्ये भेटतील. त्या कपड्यांत ते शोभतं. समारंभाच्या प्रिन्स चार्ली जॅकेटखाली तेच निष्काळजीपणाचं दिसतं.

गुडघा उघडा ठेवण्याबद्दल स्कॉटिश माणूस इतका आग्रही का, याची एक जुनी गोष्ट आहे. १७४६ च्या कायद्याने हायलँडचा पोशाख पुरुषांना आणि मुलांना बंद झाला. ती बंदी १७८२ मध्ये उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा एका समारंभात त्याने किल्ट घातला, पण उघड्या गुडघ्यांऐवजी खाली त्वचेच्या रंगाचे तंग पायजमे चढवून. त्याची भरपूर टिंगल झाली. डेव्हिड विल्कीने नंतर त्याचं चित्र काढलं तेव्हा ते तंग पायजमे गाळून राजाला उघड्या गुडघ्यांचा रंगवलं. होज वाटीपर्यंत ओढून गुडघा झाकण्याआधी हे आठवावं.

## समारंभानंतर

गार्टर आधी सोडा, मग दुमड उलगडा, मग होज खाली गुंडाळत काढा. वरच्या काठाला धरून खेचलं की तिथली वीण कायमची सैल होते. पायावर गार्टरचा फिकट गुलाबी पट्टा उमटलेला दिसेल. तो थोड्या वेळात गेला नाही, तर पुढच्या वेळी गार्टर एक खाच सैल बांधा.

विकत घेतलेले होज थंड पाण्यात, लोकरीच्या साबणाने हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवे पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टांगले तर ओल्या लोकरीच्या वजनाने लांब होतात, आणि मग वरची तीन बोटांची सगळी मोजणी नव्याने करावी लागते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ते वाळायला दोन-तीन दिवस घेतात. पंख्याखाली ठेवा आणि पूर्ण कोरडे झाल्याशिवाय कपाटात घालू नका. ठेवताना दुमड उलगडलेली असू द्या. फ्लॅश आणि गार्टर वेगळ्या पिशवीत ठेवा, म्हणजे वेल्क्रो लोकरीला धरणार नाही.